मत्तय आठ, मार्क दोन, लूक सात, योहान दहा

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत दोन सुटी पानं आहेत. पार्चमेंटची, म्हणजे कमावलेल्या कातड्याची, साधारण २२ सेंटीमीटर उंच, सहाव्या-सातव्या शतकातली, बहुतेक कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, केलेली. आणि दोन्ही पानं पूर्ण सोन्याने रंगवलेली. पूर्ण म्हणजे पूर्ण. एरवी जुन्या हस्तलिखितात सोनं म्हटलं की एखादं मोठं अक्षर, संतांच्या डोक्यामागचं वलय, फार तर चित्राची पार्श्वभूमी, एवढंच असतं. इथे उलट. आधी सगळं पान सोन्याने झाकून टाकलं, मग त्याच्यावर खांब, कमानी, वेलबुट्टी, गोल चौकटीतले चेहरे असं सगळं काढलं, आणि मग खांबांच्या मधल्या जागेत काय लिहिलं, तर आकडे. नुसते आकडे. कॉलमच्या कॉलम.

मी अकाउंट्समध्ये आहे. दिवसभर रिकन्सिलिएशन करते, म्हणजे या यादीतली एन्ट्री त्या यादीत आहे का, नसेल तर का नाही, असेल तर रक्कम तीच आहे का. त्यामुळे या पानांचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा सोन्याच्या आधी कॉलम दिसले, आणि वाटलं की अरे हे चित्र नाहीये, ही शीट आहे. कोणीतरी अतिशय सिरियसली केलेली, क्रॉस-रेफरन्सची शीट. नंतर वाचत गेले तर खरंच तसंच निघालं.

थोडं मागे जायला लागेल. ख्रिस्ताच्या चरित्राची चार शुभवर्तमानं आहेत, मत्तय, मार्क, लूक, योहान. चौघं एकाच माणसाबद्दल सांगतात, पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने. एक गोष्ट चौघांकडे आहे, एक तिघांकडे, एक फक्त लूककडे, आणि क्रम तर सगळ्यांचा वेगवेगळा. आता वाचणाऱ्याला साहजिकच वाटणार की एखादा प्रसंग बाकीच्यांनी कसा सांगितलाय ते बघावं. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या माणसाने यावर सरळ उपाय केला, चौघांना एकत्र विणून एकच सलग गोष्ट तयार केली. नंतर अलेक्झांड्रियाच्या अमोनियसने वेगळं केलं, मत्तय अख्खा ठेवला आणि बाकी तिघांचे जुळणारे तुकडे काढून त्याच्या शेजारी लावले. काम तर झालं. पण त्यात मार्क, लूक आणि योहान यांचा क्रम मोडला, त्यांची गोष्ट म्हणून जी काही होती ती राहिलीच नाही.

हे खटकलं युसेबियसला. हा पॅलेस्टाईनमधल्या कैसरियाचा बिशप, चर्चचा पहिला मोठा इतिहासकार म्हणून प्रसिद्ध, साधारण ३३९ च्या सुमाराला वारला. सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीतल्या चर्चेससाठी पन्नास बायबलांची ऑर्डर दिली होती ती याच माणसाला. तर या युसेबियसने ठरवलं की कापायचं काहीच नाही. चारही पुस्तकं जशीच्या तशी राहू द्यायची, फक्त प्रत्येकाचे लहान लहान भाग पाडून समासात नंबर घालायचे. मत्तयचे ३५५, योहानचे २३२, लूकचे साडेतीनशेच्या आत, मार्कचे २३३ (काही हस्तलिखितांत मार्कचे जास्त सापडतात, कारण मार्कच्या शेवटच्या ओळी मुळातल्या की मागून जोडलेल्या यावर जुना वाद आहे, तो इथे नको). आणि प्रत्येक नंबराखाली लाल शाईने अजून एक नंबर, की हा भाग कुठल्या तक्त्यात शोधायचा. तक्ते दहा. पहिल्या तक्त्यात चौघांकडे असलेलं, मग तिघांकडचं, मग दोघांकडचं, आणि दहाव्यात ज्याचं त्याचं, दुसऱ्या कोणाकडे नसलेलं. हे सगळं कसं वापरायचं ते त्याने कार्पियानस नावाच्या परिचिताला एका पत्रात समजावून सांगितलं. ते पत्र पुढे शेकडो वर्षं शुभवर्तमानांच्या सुरुवातीला कॉपी होत राहिलं, म्हणजे शीटबरोबर इन्स्ट्रक्शन्सचं पानही. लंडनच्या पानांवर या पत्राचा काही भाग आहे आणि पुढे तक्ते.

एक्सेलमध्ये लुकअप लावलेल्या कुठल्याही माणसाला हे पाच मिनिटांत समजेल. समासातला नंबर म्हणजे चावी (key), लाल नंबर म्हणजे कुठल्या शीटला जायचं ते, तिथे आपली ओळ शोधायची आणि शेजारच्या कॉलममधून बाकीच्यांचे नंबर उचलायचे. बस. आणि हे डोकं चौथ्या शतकातलं आहे. आपण ज्याला अध्याय म्हणतो ते बायबलला आजच्या रूपात मिळाले १३व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि आजचे वचनांचे नंबर तर १५५१ मध्ये रोबेर एतिएन या मुद्रकाने घातले. त्याआधीची हजारभर वर्षं शुभवर्तमानातला पत्ता सांगायचा तर मुख्यतः हाच.

मला हे करून बघायचं होतं. ग्रीक मला वाचता येत नाही, अक्षरं ओळखता येतात एवढंच, पण ग्रीकांचे आकडे म्हणजे त्यांची अक्षरंच, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. पहिल्या तक्त्याची पहिली ओळ असते ईटा, बीटा, झीटा, आयोटा. ईटा म्हणजे आठ, बीटा दोन, झीटा सात (सहाव्या जागेवर एक जुनं, एरवी वापरातून गेलेलं अक्षर ठेवलंय, म्हणून झीटा सहावरून सातवर सरकतो, हे पहिल्यांदा कळेपर्यंत सगळं एकाने चुकत राहतं), आयोटा दहा. म्हणजे मत्तय आठ, मार्क दोन, लूक सात, योहान दहा.

आता हे नंबर शोधायचे कुठे? तर यासाठी म्युझियमला जायला लागत नाही. ग्रीक नव्या कराराची (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) जी अभ्यासाची आवृत्ती जगभर वापरतात, नेस्टले-आलांड, जिची पहिली आवृत्ती १८९८ ची आहे आणि अठ्ठाविसावी २०१२ ची, तिच्या समासात युसेबियसचे नंबर आजही छापतात. बारीक अक्षरात, वर नंबर, खाली रोमन आकड्यात तक्ता. सेकंडहँड पुस्तकांच्या दुकानात मिळते. एका बाजूला ती उघडली आणि दुसऱ्या बाजूला मराठी बायबल. मत्तय आठ सापडलं तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनाशी. मार्क दोन, पहिला अध्याय, तिसरं वचन. लूक सात, तिसऱ्या अध्यायात. योहान दहा, पहिला अध्याय, तेविसावं वचन. चारही ठिकाणी तेच, यशया संदेष्ट्याची ओळ, अरण्यात ओरडून सांगणाऱ्या माणसाचा आवाज, वाट तयार करा म्हणणारा. पहिल्या तिघांत लेखकच सांगतोय की हा तो माणूस, आणि योहानच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा देणारा योहान (हा वेगळा, लेखक नव्हे) स्वतःच्या तोंडाने सांगतो की तो आवाज मी. हा फरक मला एरवी कधीच दिसला नसता. नुसती चार वचनं चार ठिकाणी वाचून नाही दिसत, शेजारी ठेवली की दिसतो.

(मराठी वाचकांसाठी एक आठवण, ग्रीकमधून थेट मराठीत येणं ही आपल्याकडे काही लांबची गोष्ट नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या मागे १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. संस्कृतात वाढलेल्या बाईने पन्नाशीच्या आसपास ग्रीक क्रियापदं घोकली असतील, मला तर नुसत्या विचारानेच दमायला होतं.)

दुसरी ओळ अजून मजेशीर आहे. मत्तय अकरा हा एकच भाग योहानातल्या चार वेगवेगळ्या ठिकाणांशी जुळतो, सहा, बारा, चौदा आणि अठ्ठावीस. मग युसेबियस काय करतो, तर मत्तय, मार्क आणि लूकचा नंबर तसाच ठेवून चार ओळी लिहितो. उगाच एका चौकोनात चार आकडे कोंबत नाही. हे बघून मला त्या माणसाबद्दल खरंच आदर वाटला, कारण एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन चार इन्व्हॉइस नंबर टाकणारी माणसं आजही आहेत आणि त्यांच्याबरोबर काम करायला लागतं.

पण याच्यात एक भोक आहे, आणि ते मला गप्प बसू देत नाही. चार पुस्तकं असतील तर जोड्या किती होतात ते सरळ गणित आहे. चौघांची एक, तिघातिघांच्या चार, दोघादोघांच्या सहा. एकूण अकरा. युसेबियसकडे आहेत नऊ, आणि दहावा तक्ता एकेकट्यांचा. दोन जोड्यांना तक्ताच नाही. मार्क-लूक-योहान, आणि मार्क-योहान. पहिल्यांदा वाटलं की तिथे जुळणारं काहीच नसेल म्हणून नसेल, पण नऊ आणि एक दहा हा आकडा फारच गोल आहे हो. मला स्वतःला वाटतं की दहाचा मोह झाला असणार त्याला आणि जे एक-दोन प्रसंग तिकडे जायला हवे होते ते दुसरीकडे सामावून घेतले. हे माझं मत, पुरावा नाही. ज्यांनी महिनाअखेरीला बॅलन्स जुळवलेत त्यांना विचारा.

असो, पानांकडे परत. या पानांचं पुढे काय झालं ते ऐका. मूळ पुस्तक, जे नक्की अवाढव्य आणि भयंकर महाग असणार, ते नाहीसं झालं. कधी, कसं, काहीच उरलं नाही त्याचं. उरली ही दोन पानं, आणि तीही कडा कापलेली. कारण कोणीतरी ती १२व्या शतकातल्या एका दुसऱ्या, आकाराने लहान ग्रीक शुभवर्तमानात शिवून टाकली आणि बसेनात म्हणून कातरली. कातरताना कमानींचे कोपरे गेले, चित्रांच्या कडा गेल्या. मग ते १२व्या शतकातलं पुस्तक अँथनी ॲस्क्यू नावाच्या इंग्लिश डॉक्टरकडे पोचलं (१७२२ ते १७७४), हा ग्रीक पुस्तकांचा वेडा, तुर्कस्तान-ग्रीसकडे फिरून आलेला, याच्या घरात म्हणे पुस्तकांशिवाय दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. तो गेल्यावर १७८५ मध्ये त्याच्या हस्तलिखितांचा लिलाव झाला आणि ब्रिटिश म्युझियमने घेतलं (म्युझियमची हस्तलिखितं पुढे ब्रिटिश लायब्ररीकडे गेली). आज या दोन पानांना स्वतःचा शेल्फमार्क, म्हणजे लायब्ररीतला नंबर, आहे, ॲड एमएस ५१११/१, म्हणजे ज्या पुस्तकात ती शेकडो वर्षं पाहुणी होती त्यापासून पण एका तिरक्या रेघेने वेगळी.

कार्ल नोर्डेनफाल्क या स्वीडिश कला-इतिहासकाराने १९३८ मध्ये या तक्त्यांच्या परंपरेवर मोठं काम केलं. पुढे त्याने असंही मांडलं की या पानांवरचे गोलातले चेहरे प्रेषितांचे असावेत आणि पूर्ण सेट असता तर बाराही दिसले असते. म्हणजे प्रत्येक पानावर येशूच्या शिष्यांपैकी काही जण, आकड्यांवर नजर ठेवून. मला ही कल्पना फार आवडते. ऑडिटर्स.

आता कातरणाऱ्याचा राग यावा का? मला खूप वेळ येत होता. पण एक गोष्ट कळल्यावर थोडा निवळला. बाराव्या शतकातल्या त्या पुस्तकात ही पानं चालत होती. म्हणजे कामाला येत होती. युसेबियसचे नंबर कुठल्याही ग्रीक शुभवर्तमानात तेच असतात, त्यामुळे सहाशे वर्षं जुना तक्ता नव्या पुस्तकाच्या पुढे लावला तरी तो बरोबर पत्ते दाखवणार. चित्राचं पान एका पुस्तकातून दुसऱ्यात लावलं तर ते नुसतं लावलेलं दिसतं, तक्त्याचं पान लावलं तर ते कामाला लागतं. ज्याने कुणी हे केलं त्याने जुनं, फाटकं, पण सोन्याचं आणि अजून उपयोगी असं काहीतरी टाकून दिलं नाही, ठेवून घेतलं. कात्री चालवली ती ठेवण्यासाठी.

आणि हेही खरं की सोनं नसतं तर ठेवलं नसतं. साध्या शाईत लिहिलेल्या आकड्यांच्या पानावर कोणी जीव टाकत नाही. मग मला हसू पण येतं, कारण युसेबियसने ही सगळी खटपट केली ती कशासाठी, तर अमोनियससारखी कापाकापी करायला लागू नये म्हणून, पुस्तकं अख्खी राहावीत म्हणून. आणि त्याच्याच तक्त्याची पानं कापून, कातरून, दुसऱ्याच्या पुस्तकात शिवून शिल्लक राहिली.

सुटं पान म्हटलं की सगळे हळवे होतात, अनाथ, पोरकं वगैरे. मला ते फारसं झेपत नाही. पान सुटं होण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि सगळे एका मापाने मोजून चालणार नाही. आपल्या पोथ्यांचंच बघा ना, आपली पोथी मुळात शिवलेलीच नसते, वर-खाली लाकडी पाट्या आणि कापडात बांधलेली सुटी पानं. जैन कल्पसूत्राची पानं जगभरच्या म्युझियममध्ये एकेकटी लटकलेली दिसतात, ती काढायला कोणाला सुरी लागली नसेल. ग्रीक पुस्तकाचं तसं नाही. तिथे चार मोठे ताव एकात एक घालून दुमडतात, आठ पानांचा एक जुडगा होतो, असे जुडगे एकमेकांना शिवून पुस्तक. जुडगा घालताना कातड्याची केसांकडची बाजू केसांकडच्या बाजूसमोर आणि मांसाकडची मांसाकडच्या समोर येईल अशी काळजी घेतात, कारण दोन्हींचा रंग वेगळा असतो आणि उघडल्यावर डाव्या-उजव्या पानाचा रंग जुळायला हवा. आता यातलं एक पान कापलं की त्याच तावाचं दुसऱ्या टोकाचं पान पण ढिलं होतं, कारण ते दोन्ही मिळून एकच कातडं होतं. एक काढलं की दुसरं पडायला लागतं.

याला अपवाद म्हणजे चित्राची पानं. बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातल्या, शुभवर्तमानात प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्या त्या लेखकाचं चित्र असतं, मत्तय किंवा लूक स्टुलावर बसलाय, समोर उतरतं डेस्क, शाईची दौत, चाकू, कंपास, मागे सोनं, आणि तो लिहितोय किंवा हनुवटीला हात लावून विचार करतोय. ही चित्रं बऱ्याचदा वेगळा चित्रकार वेगळ्या एकेकट्या पानावर करायचा आणि नंतर ते पान जुडग्यात घुसवायचे. म्हणजे चोरायला सगळ्यात सोपं पान तेच आणि विकायला सगळ्यात चांगलंही तेच. काढलं तरी मजकुरातली एक ओळ जात नाही, पुस्तक ढिलं होत नाही, वाचणाऱ्याच्या लक्षात पण येणार नाही. त्यात बायझंटाइन पार्चमेंट इतकं गुळगुळीत घासलेलं असतं की रंग नीट धरत नाही, चेहऱ्याचे टवके उडतात. म्हणून जगभर ज्या म्युझियममध्ये जाल तिथे हा एक टवके उडालेला, डेस्कशी बसलेला म्हातारा काचेमागे असतो. मागचं पान कोरं.

१९व्या शतकात तर याला ऊत आला होता. रॉबर्ट कर्झन नावाचा तरुण इंग्लिश उमराव १८३७ मध्ये आजच्या ग्रीसमधल्या ॲथोस पर्वतावरच्या मठांमध्ये हस्तलिखितं गोळा करत फिरत होता. काराकालू मठात त्याला एका फार जुन्या, मोठ्या अक्षरातल्या मत्तयचं एक सुटं पान दिसलं. त्याने मठाधिपतींना विचारलं, हे मी घेऊ का? ते म्हणाले, कशाला हवंय? कर्झनचा नोकर मध्येच बोलला की घरी मुरंब्याच्या बरण्यांची तोंडं बांधायला होईल. मठाधिपती म्हणाले, मग अजून घे की, आणि एक जाडजूड हस्तलिखित उचलून त्याच्या शेवटाची इंचभर पानं चाकूने कापून त्याच्या हातात दिली. ती नंतर नव्या कराराचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, निघाली. हा किस्सा कर्झननेच आपल्या १८४९ च्या प्रवासवर्णनात लिहिलाय, आणि म्हणूनच मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही. जो माणूस पुस्तकं घेऊन निघालाय त्याला हे सांगायला फार सोयीचं असतं की इथल्या लोकांना किंमतच नव्हती, आम्ही वाचवलं. नोकराचं ते मुरंब्याचं वाक्य तर मला जरा जास्तच फिट्ट बसलेलं वाटतं. कर्झनचा संग्रह १९१७ मध्ये त्याच्या घराण्याकडून ब्रिटिश म्युझियमला मिळाला, म्हणजे ॲस्क्यूच्या सोनेरी पानांच्या शेजारीच.

रशियाचा पोर्फिरी उस्पेन्स्की हा तर स्वतः धर्मगुरू, आर्किमांड्राइट, म्हणजे मठांमधला वरचा अधिकारी. तो पूर्वेकडच्या मठांतून हस्तलिखितं आणि हस्तलिखितांची पानं घेऊन आला. लहान, जोडून लिहायच्या ग्रीक लिपीतलं तारीख असलेलं सगळ्यात जुनं पुस्तक, ८३५ सालचं शुभवर्तमान, त्याच्याच नावाने ओळखलं जातं. जेरुसलेमजवळच्या मार साबा मठातून आलं, आज सेंट पीटर्सबर्गला आहे. लिहिलं होतं निकोलस नावाच्या संन्याशाने, नाव लागलं नेणाऱ्याचं.

आणि एक अमेरिकन, ओट्टो एगे, क्लीव्हलंडचा कलाशिक्षक, १९५१ ला वारला. याने मध्ययुगीन पुस्तकं, मुख्यतः लॅटिन, विकत घेऊन सरळ सुटी केली आणि एकेक पान विकलं, सेट करून पेट्यांमधून विकलं. आणि लपून नाही, उघडपणे लेख लिहून सांगितलं की मी पुस्तकं मोडतो. त्याचं म्हणणं होतं की अख्खं पुस्तक एका श्रीमंताच्या तिजोरीत जाण्यापेक्षा एकेक पान शंभर शाळांत, घरांत गेलेलं बरं. ऐकायला लोकशाही वाटतं. मला पटत नाही. पान घरी टांगलं की ते वाचलं जात नाही, त्याचं नुसतं बघणं होतं, आणि अख्खं पुस्तक तिजोरीत असलं तरी पुस्तक असतं, कधीतरी कोणीतरी उघडेल. मोडलं की ते उघडायचं राहतच नाही. कातरून शिवणाऱ्यावरचा माझा राग गेला, एगेवरचा जात नाही, यात मला काही विसंगती वाटत नाही.

सुटी झालेली पानं परत गोळा करणं म्हणजे काय याचं सगळ्यात भारी उदाहरण जांभळ्या पुस्तकाचं आहे. सहाव्या शतकातलं ग्रीक शुभवर्तमान, जांभळ्या रंगवलेल्या पार्चमेंटवर चांदीच्या अक्षरात, पवित्र नावं तेवढी सोन्यात. आज २३१ पानं माहीत आहेत. १८२ सेंट पीटर्सबर्गला, ती १८९६ मध्ये झारसाठी तुर्कस्तानातल्या कैसरीजवळच्या एका गावातून विकत घेतली. ३३ पात्मोस बेटावरच्या मठात. ६ व्हॅटिकनला, ४ लंडनला, २ व्हिएन्नाला, आणि न्यूयॉर्क, अथेन्स, थेस्सलोनिकी आणि इटलीतल्या लेर्मा इथे एकेक. बेरीज करून बघा, जुळते, मी बघितली. व्हिएन्नाची दोन तर दुसऱ्याच एका जांभळ्या हस्तलिखिताबरोबर, उत्पत्तीच्या पुस्तकाबरोबर, बांधलेली होती, रंग जुळतो म्हणून असेल. नऊ ठिकाणी एक पुस्तक. ज्याला सलग वाचायचंय त्याने फोटो मागवायचे.

हल्ली परत देण्याचे पण प्रकार होतात. लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमकडे ११३३ सालचा ग्रीक नवा करार होता, थेओक्तिस्तोस नावाच्या लेखनिकाने लिहिलेला, १९८३ मध्ये एका मोठ्या संग्रहाबरोबर आलेला. तो १९६० मध्ये ॲथोसच्या डायोनिसिऊ मठातून बेकायदा बाहेर गेलाय असं निघालं आणि २०१४ ला तो परत दिला. ग्रीसमधल्या द्रामाजवळचा एइकोसिफिनिसा मठ १९१७ मध्ये बल्गेरियन सैनिकांनी लुटला, चारशेच्या वर हस्तलिखितं गेली, त्यातलं एक नवव्या शतकातलं शिकागोच्या लुथरन सेमिनरीने २०१६ ला परत केलं, एक वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमने २०२२ ला. अख्ख्या पुस्तकाला परत जायला घर असतं. सोनेरी पानांना कुठे पाठवणार? त्यांचा मठ कुठला होता तेच माहीत नाही, पुस्तक तर नाहीच. त्यांचं जे काही घर होतं ते त्यांच्यावरच्या आकड्यांत, आणि ते आकडे मत्तय-मार्कच्या असंख्य ग्रीक प्रतींत आहेत, माझ्या सेकंडहँड पुस्तकात पण.

म्हणून माझी एक सूचना आहे, कोणी ऐकणार नाही पण लिहून ठेवते. पुढे कधी ही पानं कुठल्या प्रदर्शनात मांडलीत तर शेजारी एक साधं, छापील ग्रीक शुभवर्तमान ठेवा, हाताळायला, हवं तर साखळीने बांधून. भिंतीवर पहिल्या तक्त्याची पहिली ओळ मोठ्या अक्षरात लिहा, ईटा-बीटा-झीटा-आयोटा, खाली साधे आकडे, आणि लोकांना म्हणा, शोधा. फोटो काढणारे सोन्याचे फोटो काढून पुढे जातीलच, जाऊ देत. पण रांगेत एखादा तरी अकाउंट्सवाला असतोच. तो थांबेल, चारही ओळी शोधून काढेल, मग पुढचे तक्ते मोजायला लागेल, आणि मार्क-योहानचा तक्ता कुठाय म्हणून काउंटरवर जाऊन विचारेल. त्याला माझा नंबर द्या.